सर्व्हिस डॉगचं जाकीट आणि ओळखपत्र मागवताय? आधी हे वाचा

पाचपैकी एक स्टार देतेय, तोही शिलाई पक्की आहे म्हणून. बाकी हा संच कोणीही घेऊ नये. ज्यांच्या घरी खरोखर काम करणारा सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंग माणसाच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा आहे, त्यांनी तर मुळीच घेऊ नये. हे सांगायलाच एवढं सविस्तर लिहितेय.

आधी संचात काय येतं ते. लाल नायलॉनचं जाकीट, दोन्ही बाजूंना वेल्क्रोने चिकटवायच्या ‘सर्व्हिस डॉग’ लिहिलेल्या पट्ट्या, कुत्र्याचा फोटो असलेलं प्लास्टिकचं ओळखपत्र, त्यावर सोनेरी चकचकीत शिक्का आणि नोंदणी क्रमांक, जाड कागदावरचं एक सर्टिफिकेट, आणि कायद्याचा मजकूर बारीक अक्षरांत छापलेली ५० छोटी कार्डं. किंमत ७९ डॉलर. फॉर्म भरायला मला सहा मिनिटं लागली. कुत्र्याचं नाव, जात, वजन, फोटो. मग ‘सर्व्हिस’, ‘इमोशनल सपोर्ट’ की ‘थेरपी’, यातलं एक निवडायचं. कुत्रा काय काम करतो, कोणासाठी करतो, कुठे शिकला, यातला एकही प्रश्न विचारला नाही. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण कुत्र्याला आत घ्या म्हणून दारादारांत वाद घालून मी थकले होते.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. आईला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, हळूहळू नजर नेणारा डोळ्यांचा आजार. मिरजेत होती तेव्हा नुसतं रातांधळेपण होतं, दिवेलागणीनंतर अंगणातली पायरी दिसायची नाही. मग कडेची नजर गेली, आणि पन्नाशीनंतर समोरचंही पुसट होत गेलं. तीन वर्षांपासून तिच्यासोबत बार्नी आहे. पिवळा लॅब्रॅडॉर, मॉरिसटाउनच्या ‘द सीइंग आय’मधून आलेला. ही संस्था १९२९ साली सुरू झाली, गाइड डॉगची, म्हणजे आंधळ्या माणसाला वाटेने नेणाऱ्या कुत्र्यांची, अमेरिकेतली सगळ्यात जुनी शाळा. आई तिथे जवळपास चार आठवडे राहून शिकली. पहिल्या कुत्र्यासाठी फी १५० डॉलर, त्यात राहणं-जेवणंही आलं. देणग्यांवर चालते म्हणून हे शक्य होतं. म्हणजे खऱ्या कुत्र्याच्या फीच्या निम्म्याहून जास्त पैसे मी एका प्लास्टिकच्या कार्डावर घालवले.

आणि आई जन्मभर कुत्र्यांना घाबरणारी बाई. पहिल्या दिवसांत तिथल्या शिक्षकाने हार्नेसचं, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर बांधायच्या दांडा असलेल्या पट्ट्याचं, पुढचं टोक स्वतःच्या हातात धरलं, दांडा आईच्या हातात दिला, आणि कुत्रा होऊन तिला चालवलं. ती सांगते, त्या दांड्यातून सगळं कळतं. कुत्रा वळतोय, थबकतोय, खांद्याने पायरी दाखवतोय. सिग्नल हिरवा की लाल हे बार्नी बघत नाही. गाड्यांचा आवाज ऐकून कधी निघायचं ते आईच ठरवते. पण ती ‘फॉरवर्ड’ म्हणाली आणि समोरून काही येत असेल तर तो ऐकत नाही, आणि ते न ऐकणंही त्याला शिकवलेलं असतं. गेल्या वर्षी ओक ट्री रोडवर हे मी डोळ्यांनी पाहिलं. आईने ‘फॉरवर्ड’ म्हटलं, बार्नी जागचा हलला नाही, आणि आमच्या पुढून एक इलेक्ट्रिक गाडी वळून गेली. तिचा आवाज मलाही आला नव्हता.

तर असा हा कुत्रा. पण दारात उभं राहिलं की लोकांना दिसतं ते फक्त कुत्रं. आपल्याच माणसांबद्दल बोलायचं तर मला दोन टोकं दिसतात. एक म्हणजे ‘कुत्रं आत? जिथे अन्न आहे तिथे?’ म्हणत पाय वर घेऊन बसणारे. मिरजेची मावशी व्हिडिओ कॉलवर अजून विचारते, “देवघरात नाही ना गं जात ते?” तिचा मला राग येत नाही, ती ज्या घरात वाढली तिथे कुत्र्याला उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. दुसरं टोक म्हणजे लाड करणारे. च्च च्च करून हाक मारतील, डोक्यावरून हात फिरवतील, टेबलाखालून घास देतील. एका सत्यनारायणाच्या पूजेला एका काकूंनी प्रेमाने बार्नीला शिरा भरवला, बेदाण्यांसकट. बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. रात्री दहा वाजता आम्ही जनावरांच्या इमर्जन्सीत होतो, ओकारी काढली, तो वाचला. काकू दुसऱ्या दिवशी रडत घरी आल्या. हार्नेस घातलेल्या कुत्र्याला हात लावू नका, खायला देऊ नका, हाक मारू नका. त्याच्यामागे चालणाऱ्या माणसाचा जीव त्याच्या लक्षावर असतो.

आता रेस्टॉरंटचं. नाव लिहीत नाही, आमच्या भागातलंच आहे. दोनदा त्यांनी आम्हाला दारात अडवलं होतं. “पेपर्स दाखवा.” पेपर्स लागत नाहीत असं मी दोन्ही वेळा सांगितलं, आवाज चढला, लोक माना वळवून बघायला लागले. आई हळूच म्हणाली, “चल, घरीच वरण-भात टाकू.” त्या रात्री मी हा संच मागवला. आईला विचारलं नाही.

पार्सल आल्यावर जाकीट बार्नीला घालून बघितलं. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, वेल्क्रोची कड बोटांनी चाचपली, हार्नेसचा दांडा शोधला. तो जाकिटाखाली दबला होता. “हे काय घातलंयस त्याला? काढ ते.” मी काढलं. पण ओळखपत्र माझ्या पर्समध्ये राहिलं.

पुढच्या खेपेला मी तेच दाखवलं, आणि चाललं! मॅनेजर हसून म्हणाले, “हे आधीच दाखवायचं ना, ताई.” चांगलं टेबल दिलं. मला हायसं वाटलं, आणि त्या रात्री मी या संचाला पाच स्टार दिले असते.

दोन आठवड्यांनी आईच्या मैत्रिणीचा फोन आला. दोघी मॉरिसटाउनला एकाच बॅचमध्ये होत्या. ती त्याच रेस्टॉरंटमध्ये गेली होती, तिच्या काळ्या लॅब्रॅडॉरबरोबर, एकटी. तिला सांगितलं गेलं, “परवा एक बाई आल्या होत्या, त्यांच्याकडे कार्ड होतं. तुमच्याकडे का नाही?” ती बाहेर पावसात टॅक्सीची वाट बघत उभी राहिली. आई फोनवर नुसती “हो, हो” करत होती. फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, “त्या दिवशी तू काय दाखवलंस गं?” मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे तिला आपणच बाहेर काढलं.”

या संचाबद्दल माझी खरी तक्रार ही आहे. १९९० च्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज कायद्याखाली सर्व्हिस डॉगला ना नोंदणी लागते, ना ओळखपत्र, ना जाकीट. सरकारी नोंदवहीच नाही, मग नोंदणी क्रमांक कसला? ही सर्टिफिकेटं आम्ही मानत नाही असं न्याय खात्यानेच सांगून ठेवलंय. कुत्र्याचं काम उघड दिसत नसेल तर दुकानदाराला दोनच गोष्टी विचारता येतात. अपंगत्वामुळे लागणारा हा सर्व्हिस डॉग आहे का? आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? कागद मागता येत नाहीत, काम करून दाखवा म्हणता येत नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाची भीती किंवा ॲलर्जी हेही नाकारायचं कारण होत नाही. कार्ड दाखवणारा प्रत्येक जण दुकानदाराला कार्ड मागायची सवय लावतो, आणि ती सवय मग कार्ड नसलेल्या आंधळ्या माणसाच्या वाटेत आडवी येते.

आणि हेच जाकीट कोणीही घेऊ शकतो. एका मोठ्या दुकानात सामानाच्या ट्रॉलीत बसवलेला एक छोटा कुत्रा, अंगावर हुबेहूब हेच लाल जाकीट, बार्नीवर झेपावला. चावा बसला नाही. पण त्यानंतर कित्येक आठवडे त्या दुकानाच्या सरकत्या दारापाशी बार्नी अडखळायचा, मान मागे वळवायचा, आणि आईचा हात दांड्यावर घट्ट व्हायचा. गाइड डॉगच्या हार्नेससारखा हार्नेस न शिकवलेल्या कुत्र्याला घालून मिरवलं तर न्यू जर्सीत दंड आहे. जाकिटाचा धंदा मात्र राजरोस चालू आहे.

इमोशनल सपोर्ट ॲनिमलबद्दल, म्हणजे नुसत्या सोबतीने धीर देणाऱ्या प्राण्याबद्दल, माझा आकस नाही, हेही लिहिते. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीची मांजर तिला अक्षरशः सकाळी अंथरुणातून उठवते. घर भाड्याने घेताना अशा प्राण्याला फेअर हाउसिंग कायद्याचं संरक्षण मिळू शकतं, आणि त्यासाठी सहसा उपचार करणाऱ्या डॉक्टरचं किंवा थेरपिस्टचं पत्र मागतात, ७९ डॉलरचं कार्ड नव्हे. पॅनिक अटॅक ओळखून ठरावीक काम करायला शिकवलेला कुत्रा हा सर्व्हिस डॉगच, डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो आजार खोटा नसतो. पण नुसत्या सोबतीने धीर देणाऱ्या प्राण्याला रेस्टॉरंटमध्ये नेण्याचा हक्क १९९० च्या त्या कायद्याने दिलेला नाही. विमानात पूर्वी मुभा होती. २०१८ च्या जानेवारीत आमच्याच नेवार्क विमानतळावर एक बाई मोर घेऊन आल्या आणि त्यांना विमानात घेतलं नाही, ती बातमी जगभर गेली. पुढे नियम बदलला आणि जानेवारी २०२१ पासून विमान कंपन्या असे प्राणी साधे पाळीव म्हणून धरू शकतात. तो मोर आठवून लोक अजून बार्नीकडेही हसून बघतात. “यांचाही इमोशनल का?”

परतावा मागितला तर ‘नाव-फोटो छापलेली वस्तू परत घेत नाही’ असं उत्तर आलं. जाकीट कपाटात पडलंय, कोणाला द्यायचं नाही म्हणून.

गेल्या रविवारी आई, तिची मैत्रीण, दोन लॅब्रॅडॉर आणि मी, असे त्याच रेस्टॉरंटमध्ये गेलो. मी ओळखपत्र मॅनेजरांच्या काउंटरवर ठेवलं आणि सांगितलं की हे मी विकत घेतलंय, याला काही अर्थ नाही, याच्यावरून कोणाला आत घेऊ नका आणि कोणाला बाहेरही काढू नका. ते आधी चिडले. “मग मी ओळखायचं कसं? परवा असंच जाकीट घातलेल्या कुत्र्याने बुफेवर पाय ठेवले. हेल्थवाले मला धरणार.” त्यांचं चुकत नव्हतं. मी म्हटलं, त्या कुत्र्याला तुम्ही बाहेर काढू शकला असता. खरा सर्व्हिस डॉग जरी असता आणि मालकाच्या ताब्यात नसता, किंवा आत घाण करत असता, तरी काढता आलं असतं. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मग त्यांनी बिलाच्या पॅडचा एक कागद फाडला आणि दोन्ही प्रश्न गुजरातीत लिहून घेतले. लिहिता लिहिता मैत्रिणीकडे वळून पहिला प्रश्न विचारला, जरा चाचरतच. “हो,” ती म्हणाली. दुसरा विचारला. “पायऱ्या आल्या की थांबते. दार शोधून देते. माझ्या डोक्याला लागेल अशी फांदी आली तर वळसा घालून नेते.” त्यांनी कागद काउंटरच्या आत, गल्ल्याच्या वर चिकटपट्टीने लावला आणि वेटरला भिंतीकडचं टेबल पुसायला सांगितलं.