बेळगाव-पणजी व्हाया चोर्ला: घाटाला पाच स्टार, रस्त्याला तीन

आम्हा बेळगावकरांचा गोव्याला जायचा हक्काचा रस्ता म्हणजे चोर्ला. जांबोटी, कणकुंबी, मग घाट उतरून केरी, साखळी आणि पणजी, सगळं मिळून सव्वाशे किमीच्या आसपास. जांबोटी सोडली की गर्द झाडी लागते, तिथून एसी बंद करायचा आणि काचा खाली घ्यायच्या. कुसमळीजवळ मलप्रभेवर नवा पूल झालाय ते एक बरं झालं.

पण रस्ता म्हणून मार्क द्यायचे तर तीनच देईन आणि त्याचं कारण नुसते खड्डे नाहीत. खड्डे काय, पाऊस थांबला की बुजवतात. खरा घोळ कर्नाटक-गोवा हद्दीवर आहे. मी पावसाळ्यात धुक्यातून उतरत होतो, समोरचं दहा फुटांवरचं दिसत नव्हतं, अशा वेळी ड्रायव्हरला आधार फक्त कडेच्या पांढऱ्या पट्ट्याचा आणि रिफ्लेक्टरचा असतो, आणि हद्द आली तसा पट्टाच संपला! डांबराचा रंग बदलला, पट्टा गायब, आणि पुढे वळण. एका राज्याचं टेंडर जिथं संपतं तिथं काम थांबतं, पण गाडी थोडीच थांबते?

पाण्याचंही तेच. वरच्या बाजूचं गटार तुंबलं की पाणी रस्त्यावरून खाली धावतं आणि खालच्या माणसाने कालपरवा केलेलं डांबर उखडून नेतं. मग खालचा म्हणतो चूक वरच्याची, वरचा म्हणतो ती आमची हद्द नाही.

आणि हे दोन राज्यांचं एकमेकांवर किती अवलंबून आहे ते 2025 च्या जुलैत सगळ्यांनी बघितलं. गोव्याला जायच्या दुसऱ्या, अनमोड घाटात (नॅशनल हायवे 748, जुना 4 ए) गोव्याच्या हद्दीत रस्ता खचला, अवजड गाड्या बंद केल्या. गोव्यातल्या घराघरात जाणारी भाजी बेळगावहून येते, ती वाहतूक अडली की पणजीच्या मार्केटातही जाणवणार आणि इथल्या शेतकऱ्यालाही. एक घाट बंद पडला की भार दुसऱ्यावर येणारच, म्हणजे दोन्ही घाट मिळून एकच रस्ता समजून प्लॅन करायला पाहिजे.

मला मनापासून वाईट वाटतं ते हे, की याच कणकुंबीच्या पाण्यावरून कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र वर्षानुवर्षं भांडताहेत, त्यासाठी म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा लवाद बसला, 2018 ला निवाडा आला, 2023 ला केंद्राने 'प्रवाह' नावाचं प्राधिकरणसुद्धा मंजूर केलं. पाणी वाटायला एवढी यंत्रणा, आणि त्याच डोंगरातून रोज माणसं नेणारा रस्ता सांभाळायला दोन्हीकडचे इंजिनिअर पावसाच्या आधी एकदा एकत्र फिरले तरी किती फरक पडेल! नॅशनल हायवे केंद्राच्या यादीत, बाकीचे रस्ते ज्या त्या राज्याचे, हे घटनेतच आहे, ते कोण बदला म्हणतंय? पण गटार एकाच वेळी साफ करा, पट्टे एकाच वेळी मारा, झाड पडलं की पलीकडे कळवा. कणकुंबीला आणि केरीला चेकपोस्टवर माणसं आहेतच, दारूच्या बाटल्या तपासतात तशी खाली धुकं आहे, दरड आलीय एवढी खबर वरच्या गाड्यांना दिली तरी पुष्कळ झालं.

जाणाऱ्यांसाठी: ऑक्टोबर ते मे बिनधास्त जा, फॅमिली घेऊन जा. जून ते सप्टेंबर दिवसाउजेडी घाट उतरा, फॉग लॅम्प चेक करा, पेट्रोल बेळगावातच भरा कारण घाटात मोबाईलला रेंज नसते आणि गाडी बंद पडली तर मदत यायला वेळ लागतो. रात्री अवजड गाडीच्या मागे लागलात तर ओव्हरटेक करू नका, मागेच रहा, केरीला रस्ता मोकळा मिळतो.