रमी ॲपमधलं लिमिट: एका दिवाणजीचा अनुभव

ज्या ॲपबद्दल लिहितोय त्याचं नाव देणार नाही. त्यातला पैशाचा खेळ आता बंदही झालाय. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि एकदोन दिवसांत रोख टेबलं गायब. माझे ३१२ रुपये वॉलेटमध्ये पडून होते, ते काढून घेतले. मग मेल्या म्हशीचं दूध आता कशाला मोजतोय, असं कुणी म्हणेल. तर मार्केट यार्डात आमच्याच गाळ्यावर पोरं परदेशी साइटच्या लिंका दाखवायला लागलीत. "दिवाणजी, बघा की, ह्यात लिमिट लावता येतंय. काय धोका न्हाई." त्या लिमिटबरोबर मी सव्वा वर्ष संसार केलाय.

मी सांगलीत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. सौदे झाले की पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, करायच्या, हमाली-तोलाई धरायची, रोजमेळ जुळवायचा. पाच रुपयांचा फरक निघाला तरी जुळेपर्यंत उठत नाही. आणि हाच माणूस २०२३ च्या दिवाळीपासून रात्री जिन्यात बसून पॉइंट रमी खेळत होता. एक रुपया पॉइंट. पहिल्याच फेरीत डाव सोडला तर २० रुपये गेले, पुरता अडकला तर ८०. सुरुवातीला चहा-भडंगाचा खर्च वाटतो.

महिन्याभरात 'जबाबदारीने खेळा' असं एक पान सापडलं. 'रोख भरा'चं हिरवं बटण प्रत्येक स्क्रीनवर, आणि हे पान प्रोफाइल, सेटिंग, इतर असं करत पार तळाशी. तिथं रोजचं ५०० रुपयांचं लिमिट लावलं. फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं. बायकोलाही सांगून टाकलं असतं, पण मग खेळतो हेच सांगावं लागलं असतं.

लिमिट खोटं नव्हतं. ५०० च्या वर खरोखर भरता यायचे नाहीत. पण ते भरण्यावर होतं, हरण्यावर नव्हतं, हे कळायला मला एक रात्र लागली. त्या रात्री ५०० भरले आणि बाराच्या सुमाराला २,३४० झाले. तिथं उठलो असतो तर हे लिहितच नव्हतो. साडेतीनला शिल्लक शून्य. ॲपच्या हिशेबात तो दिवस ५०० चा, लिमिटच्या आतला, अगदी जबाबदार! माझ्या रोजमेळात असली नोंद कुणी दाखवली असती तर वही तोंडावर फेकली असती.

त्यात कराचं गणित वेगळंच. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, तोही ५०० च्या आतच धरलेला, म्हणजे ५०० तले १०९ रुपये ३८ पैसे आधीच गेले. ॲप तेवढाच 'बोनस' देऊन भरपाई दाखवायचं, पण तो बोनस खेळायलाच चालायचा, काढता यायचा नाही. टेबलावरचं कमिशन वेगळं, काढताना निव्वळ जिंकलेल्यावर ३० टक्के टीडीएस वेगळा. एवढी वजावट हळदीच्या पट्टीत लावली तर शेतकरी पोतं उचलून परत नेईल.

लिमिट कमी केलं की लगेच लागू, वाढवलं तर २४ तासांनी. ही सोय चांगली आहे, मान्य करतो. त्या २४ तासांत माणूस थंड होईल अशी कल्पना असावी. मी काय केलं? रात्री ११:४० ला लिमिट वाढवलं आणि दुसऱ्या दिवशीच्या ११:४० चा अलार्म लावला. मध्ये वेळ जाईना म्हणून दुसरं ॲप उतरवलं. तिथंही ५०० चं लिमिट लावलं. पुढं तिसरं. म्हणजे मी दिवसाला तीनदा जबाबदार होतो.

ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप म्हणून सोय आहे. तिथं एकदा नाव घातलं की परवाना असलेल्या सगळ्याच साइट सहा महिने, वर्ष किंवा पाच वर्षं तुम्हाला दारात उभं करत नाहीत. आमच्याकडं प्रत्येक दुकानाला वेगळं कुलूप, आणि सगळ्या किल्ल्या माझ्याच करगोट्याला.

तासाभरानं एक चौकट यायची, 'तुम्ही ६० मिनिटांपासून खेळत आहात'. खाली 'पुढे खेळा' ठळक, 'बाहेर पडा' फिकट. तिला पाचपैकी शून्य स्टार. अंगठा न वाचताच तिला बाजूला सारायला शिकला. महिन्याचा ब्रेक मात्र खरा निघाला, लॉगिनच होऊ दिलं नाही. त्याला चार देणार होतो, पण चौथ्या दिवशी त्याच ॲपचा मेसेज आला की हजाराचा बोनस तुमची वाट बघतोय. दोन.

एकदा एकाच लॉटच्या दोन पट्ट्या झाल्या. मालकांनी दोन्ही कागद समोर ठेवले. "दिवाणजी, रात्री झोपला न्हाईसा काय?" आवाजसुद्धा चढवला नाही. त्या रविवारी बँकेची स्टेटमेंट काढली आणि नव्या वहीत 'रमी खातं' उघडलं. भरले १,८७,४००. आले ६१,२५०. फरक १,२६,१५०. ॲपमध्ये जिंकलेला प्रत्येक डाव हिरव्या अक्षरात दिसायचा, ही बेरीज मात्र मला तिथं एकदाही दिसली नव्हती.

वही बायकोपुढं ठेवली. ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "अहो, ही पोरीची दोन वर्षांची फी झाली." त्याच दिवशी पगाराचं खातं माझ्या फोनच्या यूपीआयमधून काढलं, कार्ड तिच्या कपाटात गेलं. दुसऱ्या खात्यात ती महिन्याला ३,००० टाकते, त्यात माझं पेट्रोल, चहा, कटिंग. याला पाचपैकी पाच. लाज वाटते, पण तीही कामाची.

टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ ला, फोन केला तो कृष्णेच्या घाटावर बसून, आयर्विन पुलाकडं तोंड करून. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. बाईंनी किती हरलात असं विचारलंच नाही. कधी खेळावंसं वाटतं, तेव्हा कुठं बसलेले असता, हे विचारलं. जिना, असं म्हणताना मलाच हसू आलं. हुक्की आली की वीस मिनिटं पुढं ढकला आणि जागा बदला, म्हणाल्या. सहा-सात वेळा फोन केला असेन.

नव्या कायद्यानं खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. आता परदेशात बसून चोरून चालवणारा तुमचं लिमिट कुणाच्या भीतीनं पाळणार, हे मी गाळ्यावरच्या पोरांना विचारलं. एकानं लिंक पुसली. दुसरा म्हणाला, "बघू की."

११:४० चा अलार्म अजून वाजतो. काढलेला नाही. उठतो, गॅसचा कॉक बंद आहे का बघतो, जिन्यातला दिवा मालवतो आणि परत झोपतो.