‘ब्लॅक लगून’ की ‘९१ डेज’: गुन्हेगारांची अ‍ॅनिमे बघायची तर आधी कोणती?

‘मारधाड हवी, पण शाळकरी पोरं नकोत, जादूबिदू नको, माणसं गुन्हेगार हवीत.’ असं म्हणून कुणी अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, सुचवायला सांगितली की माझ्या तोंडून दोनच नावं येतात. परवा मावसभावाने विचारलं तेव्हाही दोन्ही सांगून मोकळा झालो. तो वैतागला. ‘अरे, एक सांग ना.’ म्हणून जरा नीट विचार केला.

आधी वेळेचा हिशोब. ‘९१ डेज’ २०१६ ची, शुका स्टुडिओची. बारा भाग, म्हणजे जेमतेम पाच तास. शनिवारी रात्री लावली तर पहाटेआधी संपते. मध्ये एक उजळणीचा भाग येतो, तो खुशाल गाळा. ‘ब्लॅक लगून’ २००६ ची, मॅडहाउसची. बारा-बारा भागांचे दोन सीझन, आणि नंतर २०१०-११ मध्ये आलेले, रॉबर्टा या मोलकरणीच्या गोष्टीचे पाच जादा भाग. ती एका बैठकीत उरकत नाही आणि उरकूही नये. दोन-तीन भागांचं एक प्रकरण, मग दुसरं, असा तिचा बाज आहे.

दोन्हीत गुन्हेगार आहेत, पण ‘लगून’मध्ये गुन्हा हा धंदा आहे आणि ‘९१ डेज’मध्ये तो घरातला मामला आहे. तुम्हाला यातलं काय बघायचंय, त्यावर निवड ठरते.

‘९१ डेज’ अमेरिकेतली, दारूबंदीच्या काळातली. लॉलेस नावाचं काल्पनिक गाव, तिथली इटालियन माफिया घराणी. अँजेलोच्या आईवडिलांना आणि धाकट्या भावाला व्हॅनेट्टी घराण्याची माणसं त्याच्या डोळ्यांदेखत मारतात. सात वर्षांनी त्याच्या हातात एक निनावी पत्र पडतं, त्यात मारेकऱ्यांची नावं. तो अ‍ॅव्हिलियो नाव घेऊन त्याच घराण्यात शिरतो, तेही दोस्त बनून. शिरायला वाट कुठली, तर हातभट्टी! त्याचा बालमित्र कॉर्टेओ झकास दारू गाळतो आणि ती विकत घ्यायला माफिया एका पायावर तयार. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर गल्लीबोळात फोफावलेल्या गुत्त्यांचे किस्से ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेत, त्यांना हा भाग वेगळा समजावून सांगायला नको. सरकारने बाटली बंद केली की कोणाची चांदी होते, ते आपल्याकडे ठाऊक आहे.

हिची जमेची बाजू म्हणजे ही कथा थेट पडद्यासाठी लिहिली आहे. मागे लांबलचक मांगा (जपानी चित्रकथा) नाही, त्यामुळे ‘पुढचं पुस्तकात वाचा’ ही भानगड नाही. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं पदरात पडतं. गोळीबार कमी, कपट जास्त. ज्याच्यावर सूड घ्यायचाय तो व्हॅनेट्टींचा मुलगा नीरो हळूहळू आवडायला लागतो, आपल्यालाही आणि अ‍ॅव्हिलियोलाही, ही खरी पंचाईत. उणं बोलायचं तर मधल्या भागांत चित्रकाम ढिलं पडलंय, काही चेहरे चक्क वाकडे दिसतात. आणि बायकांना या गोष्टीत जवळजवळ कामच नाही.

ती कसर ‘लगून’ व्याजासकट भरून काढते. रोआनापूर हे थायलंडमधलं काल्पनिक बंदर. तिथे रशियन माफियाची सूत्रं बालालायका या बाईकडे. ती अफगाणिस्तानच्या युद्धात लढलेली, तिची माणसंही तिथलीच. चर्चमधल्या नन बंदुका विकतात. आणि रेव्ही, दोन हातांत दोन पिस्तुलं, तोंडात कायम शिवी.

या सगळ्यात अडकलेला रॉक म्हणजे टोकियोतला साधा नोकरदार. पांढरा शर्ट, टाय, साहेबापुढे मान खाली. कंपनीच्या कामासाठी एक डिस्क घेऊन निघतो, समुद्रात रेव्हीच्या टोळीच्या, म्हणजे चाच्यांच्या, तावडीत सापडतो आणि कंपनी फोनवर सांगते की तुला आम्ही मेलेला धरलंय. आपल्यापैकी ज्यांनी ऑफिसात बळीचा बकरा होण्याचा अनुभव घेतलाय, त्यांना रॉक का परत जात नाही हे चटकन कळेल. शर्ट मात्र तो बदलत नाही, हे मला फार आवडतं.

गोळीबार भरपूर आहे, पण माझ्या डोक्यात बसलाय तो सातवा भाग. त्याआधी बुडालेल्या जर्मन पाणबुडीत रेव्ही मेलेल्यांची पदकं ओरबाडते आणि रॉकचं तिच्याशी वाजतं. मग भर बाजारात दोघांचं कडाक्याचं भांडण; ती पिस्तूल रोखते, गोळी सुटते तेव्हा त्याने नळी हाताने बाजूला ढकललेली असते. पुढे तिचं बालपण, त्याची चीड, सगळं बाहेर येतं. शेवटी दोघं पोलिसांच्या गाडीत मागे बसलेली, आणि एकाच्या सिगरेटवर दुसऱ्याची सिगरेट पेटते. ‘सॉरी’ कुणीच म्हणत नाही. दिग्दर्शक सुनाओ काताबुची. याच माणसाने पुढे २०१६ मध्ये हिरोशिमाजवळच्या कुरे शहरातल्या एका साध्या गृहिणीवर हळुवार चित्रपट केला, यावर विश्वास बसत नाही.

‘लगून’ला शेवट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. रेई हिरोए यांची मांगा २००२ पासून रखडत-रखडत चाललीय आणि अ‍ॅनिमे मध्येच थांबते. शिवाय दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीलाच जुळ्या मुलांचं प्रकरण आहे. मुलांवरच्या अत्याचाराचं आहे आणि पोटात खड्डा पाडणारं आहे. ज्यांना ते सोसणार नाही त्यांनी ते तीन भाग सोडून पुढे जावं, बिघडत काही नाही. आणि घरात आईबाबा असतील तर हेडफोन लावा. रेव्हीची भाषा दिवाणखान्यातली नाही.

‘गँगस्टा’ (२०१५) हे तिसरं नावही अनेक जण सुचवतात. बहिरा तलवारबाज निकोलस आणि त्याची खाणाखुणांची भाषा, हे अप्रतिम जमलंय. पण बाराव्या भागात गोष्ट ऐन रंगात तुटते, आणि मँग्लोब स्टुडिओ त्याच वर्षी दिवाळखोरीत गेला. तेव्हा ती सर्वांत शेवटी.

तर भावाला म्हटलं, हातात एकच रात्र असेल आणि अर्धवट गोष्टींचा राग येत असेल तर ‘९१ डेज’. तसं नसेल तर ‘लगून’, आणि माझं मत विचारशील तरीही ‘लगून’, फक्त पहिले दोन भाग सलग बघ, कारण पहिल्यात नुसती मांडामांड आहे.

त्याने ‘लगून’ लावली. रात्री साडेबाराला मेसेज: ‘टॉरपीडोने हेलिकॉप्टर पाडलं?? असं होतं का कधी?’

नाही होत. बघत राहा, म्हटलं.