बिननावाचा जुना कीबोर्ड : स्विच आणि कीकॅप ओळखण्यापासून आठ महिन्यांच्या वापरापर्यंत

गेल्या दिवाळीनंतर कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतील एका छापखान्याने जुने सामान मोडीत काढले, तेव्हा त्यातला एक कीबोर्ड मी मागून घेतला. तेव्हापासून आठ महिने हस्तलिखितांचे सगळे मराठी टंकलेखन मी त्यावरच करतो आहे. पाठीमागचे लेबल सोलवटून गेले असून त्यावर ‘मेड इन तैवान’ एवढीच अक्षरे उरली आहेत. विंडोजची कळ त्यावर नाही. ती कळ विंडोज ९५ च्या सुमारास रूढ झाली, त्यामुळे हा आराखडा त्याआधीचा असणार. केबलच्या टोकाला जाड, गोल, पाच पिनांचा प्लग आहे आणि तळाशी ‘एक्सटी’ व ‘एटी’ (आयबीएम पीसीच्या दोन जुन्या पिढ्या) अशी निवड करणारी बारीक सरकपट्टी आहे. कळांचे स्विच ज्या पोलादी पट्टीत बसवले आहेत तिच्यामुळे त्याचे वजन पावणेदोन किलो भरले.

पहिल्या दिवशी मी ठाम चुकीचा अंदाज बांधला. आपल्याकडे खटका वाजणारा कीबोर्ड म्हटला की डोळ्यांसमोर टीव्हीएस गोल्ड येतो आणि त्यात चेरी कंपनीचे निळे एमएक्स स्विच (प्रत्येक कळेखालची यंत्रणा) असतात, म्हणून इथेही तेच असतील असे मी धरून चाललो. एक कीकॅप, म्हणजे कळेवरची प्लॅस्टिकची टोपी, सरळ वर ओढून काढली आणि अंदाज तिथेच संपला. चेरीच्या स्विचवर अधिकच्या चिन्हासारखा उंचवटा असतो. इथे स्विचच्या दांड्यात आडवी आयताकृती खाच होती आणि तिच्यात बसणारी चपटी खुंटी कीकॅपच्या पोटात होती. भाच्याचा उद्यमनगरात लेथचा कारखाना आहे. त्याच्याकडच्या व्हर्नियर कॅलिपरने पट्टीतले छिद्र मोजले, तर ते साडेपंधरा बाय पावणेतेरा मिलिमीटरच्या आसपास भरले. चेरीसाठी हे छिद्र चौदा मिलिमीटरचे चौरस असते. खाच आणि छिद्र या दोन खुणा जुळल्या, की स्विच आल्प्स पद्धतीचा आहे हे निश्चित समजावे.

तरीही ‘आल्प्स पद्धतीचा’ आणि ‘आल्प्सचा’ यांत मोठे अंतर आहे. जपानची ही कंपनी १९४८ साली काताओका इलेक्ट्रिक या नावाने सुरू झाली आणि १९६४ मध्ये आल्प्स इलेक्ट्रिक झाली. तिच्या स्विचच्या नकला पुढे तैवानमध्ये भरपूर निघाल्या. माझ्या कीबोर्डमधले दांडे पांढरे आहेत, आणि पांढरा दांडा अस्सल खटकेदार आल्प्समध्येही असतो व नकलांमध्येही, त्यामुळे केवळ रंगावरून निष्कर्ष काढणाऱ्याची फसगत होते. म्हणून मी सगळ्या कीकॅप काढल्या आणि विजेरी तिरपी धरून प्रत्येक स्विचच्या वरच्या कवचावर कोरलेली ‘ALPS’ ही अक्षरे शोधली. तीन स्विच सोडून बाकी सगळ्यांवर ती सापडली.

आल्प्सचा एक मोठा गुण इथे सांगितला पाहिजे. दोन्ही बाजूंनी पातळ पाती सारून कवचाच्या चिमट्या सैल केल्या, की झाळणाचा (सोल्डरचा) डाग न काढता स्विच जागच्या जागी उघडता येतो. पट्टीत बसवलेल्या चेरी स्विचच्या बाबतीत ही सोय सहसा मिळत नाही. आत परतीची स्प्रिंग, एका बाजूला विद्युतसंपर्काचा स्वतंत्र बंद तुकडा आणि त्याच्या समोरच्या बाजूला वाकलेले धातूचे पान असते. दांडा खाली जाताना ते पान दबते आणि ठरावीक क्षणी सुटून कवचावर आदळते. खटक्याचा आवाज होतो तो त्यामुळे. बिनअक्षरी तीन स्विचमधली रचना वेगळी आणि साधी निघाली. त्यांच्या पायांजवळचे डागही इतरांपेक्षा फुगीर आणि ओबडधोबड होते, म्हणजे ते कोणीतरी नंतर बसवलेले होते.

हे तीन स्विच डी, ई आणि स्पेसबारचे होते, आणि मला सर्वांत जास्त आनंद झाला तो या शोधाचा. डी आणि ई या दोनच अक्षरांच्या कीकॅप झिजून तेलकट चमकत होत्या. इंग्रजी टंकणाऱ्याची ई झिजेल, पण डी इतकी झिजणार नाही. टाइपरायटरच्या धर्तीवर मराठी टंकणाऱ्याचा काना के या कळेवर येतो, तेव्हा ती झिजली असती. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या सरकारी प्रमाण कळमांडणीत, मात्र डीवर हलन्त आणि ईवर काना असतो. जोडाक्षरे आणि काने यांच्याशिवाय मराठीची एक ओळ पुरी होत नाही. त्या छापखान्यात वर्षानुवर्षे कोणीतरी इन्स्क्रिप्टमध्ये अक्षरजुळणी केली, तेच दोन स्विच आधी थकले आणि ते बदलले गेले, असे मी मानतो. कळांच्या पुढच्या उभ्या बाजूवर देवनागरी स्टिकरचा चिकट थरही अजून आहे.

कीकॅपचे प्लॅस्टिक ओळखायला मी मिठाच्या पाण्याचा उपाय केला. एक लिटर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळवले, की त्याची घनता १.२ पर्यंत जाते. कीकॅप सहसा एबीएस किंवा पीबीटी या प्लॅस्टिकच्या असतात. एबीएस त्याहून हलके असल्याने तरंगते आणि पीबीटी जड असल्याने बुडते. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, त्यामुळे मिठात काटकसर करू नये. माझ्या कीकॅप तरंगल्या. ॲसिटोन लावून पाहण्याचा सल्लाही दिला जातो, परंतु एबीएस त्यात विरघळते आणि दिसत्या भागावर एक थेंब पडला तरी कीकॅप कायमची बिघडते. अक्षरे कीकॅपपेक्षा वेगळ्या रंगाच्या प्लॅस्टिकची आहेत, हे कीकॅप उलटी करून पाहिली की दिसते. म्हणूनच पृष्ठभाग गुळगुळीत झाला तरी अक्षर पुसले गेलेले नाही.

वापराविषयी आता थोडे. सरकपट्टी ‘एटी’वर ठेवून, पीएस-टूचा (जुन्या, लहान गोल प्लगचा) जोड आणि त्यापुढे यूएसबीचा सक्रिय परिवर्तक लावला, की कीबोर्ड आजच्या संगणकावर विनातक्रार चालतो. विंडोजची कळ नसल्यामुळे भाषा ऑल्ट आणि शिफ्टने बदलावी लागते. एंटर कळ मोठी, उलट्या एल आकाराची असल्यामुळे बॅकस्लॅश वर, आखूड केलेल्या बॅकस्पेसशेजारी गेली आहे, आणि इन्स्क्रिप्टमधला ‘ॉ’ तिच्यावरच असतो. ‘डॉक्टर’, ‘कॉलेज’ असे शब्द टंकताना पहिले तीन आठवडे माझा हात बॅकस्लॅशच्या नेहमीच्या जागी जाऊन एंटर दाबत होता. आता सवय झाली आहे. आवाज मोठा आहे. रात्री आई झोपल्यावर मी त्यावर काम करत नाही. आपल्याकडचा पावसाळा सुरू झाल्यापासून पोलादी पट्टीच्या कडेला गंजाचे दोन ठिपके आले, तेव्हा ते घासून तेलाचा पुसट हात दिला आणि काम नसताना कीबोर्ड सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकून ठेवू लागलो. स्विचच्या आत मात्र तेल किंवा ग्रीस मुळीच घालू नये. आल्प्सला धूळ सोसत नाही आणि ओल्या वंगणाला ती चिकटते. मी दांडे धुऊन, वाळवून त्यांना कोरड्या पीटीएफई (टेफ्लॉन) वंगणाचा हलका थर दिला. खरखर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही.

मागच्या महिन्यात डी आणि ई या कळांचे नकली स्विच डाग काढून बाहेर घेतले. त्यांच्या जागी स्क्रोल लॉक आणि पॉज या कळांखालचे, जवळपास न वापरलेले अस्सल स्विच बसवले आणि नकली तिकडे नेले. स्पेसबारचा तसाच ठेवला आहे. आता सबंध कीबोर्डमध्ये सर्वांत स्वच्छ खटका हलन्ताचा वाजतो.