भाडेकरूची ‘क्रिमिनल हिस्ट्री’ दोन मिनिटांत? अमेरिकेतल्या घरमालकांनो, सावध राहा

अमेरिकेत एखादं टाउनहाऊस किंवा कॉन्डो भाड्याने देणारी आपली बरीच मंडळी झटपट तपासणीच्या जाळ्यात अडकतात. अर्ज हातात आला की मालक गुगलवर ‘टेनंट बॅकग्राउंड चेक’ शोधतो आणि सगळ्यात वरच्या जाहिरातीवर क्लिक करतो. नाव आणि राज्य टाकलं की पट्टी सरकायला लागते: ‘कोर्टाच्या नोंदी तपासत आहोत’, ‘अटकेची नोंद सापडू शकते’. पट्टी भरत आली की कार्ड नंबर मागतात. नंतर दरमहा पैसे कापले जातात, पण खरं नुकसान ते नव्हे.

यातल्या अनेक साइट्स नुसती माणसं शोधून देणाऱ्या असतात. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की आम्ही कन्झ्युमर रिपोर्टिंग एजन्सी (कायद्याच्या नियमांत राहून लोकांचे क्रेडिट आणि गुन्ह्यांचे रिपोर्ट देणारी संस्था) नाही, ही माहिती भाडेकरू निवडायला वापरू नका. म्हणजे जाहिरात ज्या कामासाठी बोलावते, त्याच कामाला तळटीप मनाई करते. अशाच प्रकरणात इन्स्टंट चेकमेट या साइटला २०१४ साली फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेकडे ५ लाख २५ हजार डॉलर भरावे लागले. २०२३ मध्ये तीच कंपनी आणि तशीच दुसरी साइट ट्रुथफाइंडर यांना मिळून ५८ लाख डॉलर मोजावे लागले. नुसतं ट्रॅफिकचं तिकीट असलेल्या माणसाचीही गुन्हेगारी नोंद असल्याचं भासवलं, हा त्यातला एक आरोप होता.

मुळात ‘नॅशनल चेक’ या नावावर भुलू नका. एफबीआयचा एनसीआयसी हा गुन्ह्यांच्या नोंदींचा डेटाबेस खासगी घरमालकाला खुला नाही. खटल्यांच्या नोंदी तीन हजारांहून जास्त काउंट्यांमध्ये (आपल्या जिल्ह्यांसारख्या) विखुरलेल्या आहेत, आणि कंपन्या त्यांतल्या मिळतील तेवढ्या गोळा करतात. त्यामुळे ‘नो रेकॉर्ड’चा अर्थ एवढाच, की त्यांच्या साठ्यात काही सापडलं नाही. दोन वर्षांपूर्वी भारतातून आलेल्या माणसाचा रिपोर्ट तर बहुधा कोराच येणार.

उलटा धोका त्याहून वाईट. रिपोर्टवर ‘ए. पाटील’, अंदाजे वय आणि एक गुन्हा दिसतो. केस नंबर नाही, पूर्ण जन्मतारीख नाही, निकालाचा रकाना रिकामा. आपल्याकडे मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं, कधी नुसतं आद्याक्षर, आणि स्पेलिंग तर कागदागणिक बदलतं. अशा नोंदीवरून एखाद्या कुटुंबाला घर नाकारणं हा उघड अन्याय आहे. रीतसर एजन्सीसुद्धा इथे चुकतात. आडनाव तंतोतंत पण बाकी तपशील ढोबळ जुळवल्याच्या आरोपावरून २०१८ मध्ये भाडेकरूंची तपासणी करणाऱ्या रिअलपेज कंपनीने ३० लाख डॉलर भरले.

आणि अंगाशी येतं ते मालकाच्या. रिपोर्टच्या आधारे नकार दिला, की फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट या अशा रिपोर्टांविषयीच्या फेडरल कायद्याप्रमाणे अर्जदाराला ‘ॲडव्हर्स ॲक्शन’ नोटीस, म्हणजे नकाराची सूचना, द्यावी लागते. त्यात एजन्सीचं नाव, पत्ता, फोन. निर्णय एजन्सीचा नाही हे वाक्य. ६० दिवसांत रिपोर्टची फुकट प्रत मागण्याचा आणि चुकीला हरकत घेण्याचा हक्क, हे सगळं हवं. हा कायदा जाणूनबुजून मोडला तर १०० ते १,००० डॉलर भरपाई आणि वर वकिलाची फी, अशी तरतूद कायद्यात आहे.

न्यू जर्सीत २०२२ पासून क्रमही ठरलेला आहे. आधी उत्पन्न, क्रेडिट वगैरे बघून सशर्त होकार द्यायचा, मगच गुन्ह्यांची चौकशी करायची. शिक्षा न झालेली अटक विचारात घ्यायची नाही. न्यूयॉर्क शहरातही १ जानेवारी २०२५ पासून असाच कायदा आहे. जाहिरातवाल्या साइटवर अर्ज येताच नाव टाकणारा मालक पहिल्याच पायरीला चुकतो.

काम नीट करायचं तर अर्जदाराची लेखी परवानगी घ्या. एजन्सी अशी निवडा, की जी स्वतः कन्झ्युमर रिपोर्टिंग एजन्सी असल्याचं स्पष्ट लिहिते आणि जिथे अर्जदार आपला सोशल सिक्युरिटी नंबर स्वतःच भरतो. त्याने ईमेलने पाठवलेली पीडीएफ धरू नका, ती बदलता येते; रिपोर्ट एजन्सीकडूनच उघडा. काही नोंद दिसली तर केस नंबर घेऊन त्या काउंटीच्या कोर्टात पडताळा: पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मुख्य म्हणजे निकाल. ‘डिसमिस्ड’ (खटला रद्द) असेल तर विषय संपला. शिक्षा दिसत असेल तर अर्जदाराला रिपोर्ट दाखवा आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय नकार कळवू नका.