ट्रान्समचे तडे भरताना पॉलिएस्टर घ्यावे की एपॉक्सी?

नावेच्या मागच्या ज्या उभ्या भिंतीवर आउटबोर्ड इंजिन टांगलेले असते, तो ट्रान्सम उघडून आतला कुजलेला प्लायवूड काढला की बाहेरचे फायबरग्लासचे कवच एकटे उरते आणि तोवर नजरेआड राहिलेले तडे समोर येतात. काचेचे कापड भिजवून कडक होणारे रेझिन म्हणून पॉलिएस्टर आणावे की एपॉक्सी, याचा निर्णय याच टप्प्यावर करावा लागतो. नाव मुळात पॉलिएस्टरमध्येच घडवलेली आहे, तेव्हा दुरुस्तीही त्यातच करावी, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट निसटते. नाव घडताना खालचा थर पुरता पिकण्याआधीच, म्हणजे रेझिन पूर्ण कडक होण्याआधीच, वरचा थर चढवतात, त्यामुळे दोन्ही थर रासायनिकरीत्या एकजीव होतात. दुरुस्तीचा थर मात्र वर्षानुवर्षे पिकलेल्या, निबर पृष्ठभागावर बसतो आणि केवळ घासून काढलेल्या ओरखड्यांत रुतून व चिकटून टिकतो. म्हणूनच या दोन रेझिनांची तुलना करताना मी त्यांच्या ताकदीच्या आकड्यांपेक्षा जुन्याला चिकटण्याच्या क्षमतेला अधिक वजन देतो.

त्याआधी तडा किती खोल आहे, हे ठरवायला हवे. जागा ॲसिटोनने पुसून नीट पाहत राहावे: सभोवतालचा ओलावा काही क्षणांत उडून जातो, पण तड्यात शिरलेले ॲसिटोन मागे राहते आणि केसाएवढी काळसर रेघ ठळक उठून दिसते. तिथे ग्राइंडर हलकेच फिरवला आणि रेघ जेलकोटबरोबरच, म्हणजे कवचावरच्या सर्वांत बाहेरच्या रंगीत पॉलिएस्टर थराबरोबरच, नाहीशी झाली, तर तडा वरवरचा होता. तो जेलकोटनेच भरावा, तिथे एपॉक्सीचे काही काम नाही. रेघ खालच्या काचेच्या थरांतही उतरत असेल, किंवा आजूबाजूला नाण्याने ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येत असेल, तर तंतू तुटले आहेत किंवा थर सुटले आहेत. इंजिनासाठी ठेवलेल्या खाचेचे कोपरे आणि ट्रान्सम जिथे बाजूंना मिळतो ती कड, या दोन ठिकाणी असे तडे विशेषेकरून आढळतात. पुढचे सर्व विवेचन अशाच तड्यांविषयी आहे.

चिकटण्यात एपॉक्सी स्पष्टपणे सरस आहे. पॉलिएस्टर पिकताना आकारमानाने सुमारे ५ ते ८ टक्के आक्रसते, त्यामुळे ठिगळाच्या कडेवर सुरुवातीपासूनच ताण राहतो. एपॉक्सी त्या मानाने फारच कमी आक्रसते आणि तुटण्यापूर्वी थोडे अधिक वाकते. इंजिन सुरू असताना ट्रान्समला सतत हिसके बसत असतात, म्हणून येथे हा फरक महत्त्वाचा ठरतो. मात्र पृष्ठभागाची तयारी चुकली तर एपॉक्सीही वाचवू शकत नाही. घासण्याच्या आधी मेण आणि तेल पुसून काढावे, नाहीतर तेच मेण ओरखड्यांत दाबले जाते. त्यानंतर तडा पूर्ण निघेपर्यंत घासून दोन्ही बाजूंना लांब उतार काढावा. जाडीच्या १२ पट उतार हे रूढ प्रमाण आहे, म्हणजे कवच ६ मिमी असेल तर प्रत्येक बाजूला ७२ मिमी. उतार नीट निघाला की काचेचे थर झाडाच्या वलयांसारखे एकामागून एक उघडे दिसतात, आणि नव्या कापडाचा प्रत्येक तुकडा कोणत्या वलयापर्यंत पोहोचायला हवा, हे तिथेच कळते. जागा अपुरी म्हणून उतार आखूड ठेवावा लागत असेल, तर पॉलिएस्टरचा विचार सोडून द्यावा.

कापडाची निवड रेझिनवर अवलंबून असते, आणि येथे पुष्कळ सामान वाया जाते. साध्या चॉप्ड स्ट्रँड मॅटमधले (आखूड कापलेल्या काचतंतूंच्या चटईतले) तंतू बहुधा ज्या बंधकाने धरलेले असतात, तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रवात विरघळतो आणि मॅट मऊ पडून वळणावर बसते. एपॉक्सीत स्टायरीन नसते. त्यामुळे तीच मॅट ताठ राहते आणि नीट भिजतही नाही. एपॉक्सीसाठी विणलेले किंवा शिवलेले बायॲक्सियल (दोन दिशांना तंतू असलेले) कापड घ्यावे.

कामाच्या सोयीत पारडे थोडे पॉलिएस्टरकडे झुकते. त्यात ते पिकवण्यासाठी साधारण १ ते २ टक्के एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड) हा कॅटलिस्ट घालतात आणि हवामान पाहून हे प्रमाण मर्यादेत कमी-जास्त करता येते. एपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर यांचे उत्पादकाने दिलेले प्रमाण जसेच्या तसे पाळावे लागते. लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवला तर मिश्रण कायमचे चिकट आणि कच्चे राहते. वेग बदलायचा असेल तर हार्डनरच वेगळा घ्यावा. काही एपॉक्सींवर पिकल्यानंतर मेणचट थर येतो. तो घासण्यापूर्वी पाण्याने आणि खरखरीत पॅडने धुवावा लागतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने दोन्ही रेझिने सारखीच गंभीर आहेत. स्टायरीनची वाफ ज्वालाग्राही आहे, एमईकेपी डोळ्यात गेले तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते, आणि कोबाल्टचा प्रवेगक वेगळा मिळत असेल तर तो कॅटलिस्टमध्ये थेट मिसळणे स्फोटक ठरते. एपॉक्सी वारंवार त्वचेला लागल्यास जन्माची ॲलर्जी जडू शकते, म्हणून हातमोज्यांच्या बाबतीत कंजूषपणा अजिबात करू नये.

नवा प्लायवूड बसवण्याच्या कामात मला पर्यायच दिसत नाही. लाकडाला पॉलिएस्टरची पकड कमकुवत असते, तर एपॉक्सी तंतूंत मुरते आणि कापलेल्या कडाही सील करते. बीएस १०८८ (मरीन प्लायवूडचे ब्रिटिश मानक) दर्जाचा मरीन प्लायवूड आधी साध्या एपॉक्सीने माखावा, मग घट्ट केलेले एपॉक्सी पसरून तो कवचावर दाबावा. क्लॅम्प इतके आवळू नयेत की सगळे मिश्रण बाहेर पडून सांधा कोरडा राहील. प्लायवूडचा जुना गाभा काढण्यापूर्वीच कवचाला बाहेरून सरळ लाकडी पट्ट्यांचा आधार द्यावा, अन्यथा फुगलेल्या आकारातच ट्रान्सम पुन्हा चिकटेल.

पॉलिएस्टरची खरी जमेची बाजू शेवटी, फिनिशिंगच्या वेळी, येते. त्यावर जेलकोट सहज बसतो. एपॉक्सीवर जेलकोट लावायचा तर ते पूर्ण पिकलेले, धुतलेले आणि घासलेले असावे लागते आणि तरीही पकडीची खात्री कमी असते. त्यापेक्षा रंग देणे सोपे, आणि उन्हात एपॉक्सी खराब होत असल्याने वर काही तरी संरक्षण द्यावेच लागते. ज्यांना मूळचा जेलकोट हवाच आहे, त्यांच्यासाठी व्हिनाइलएस्टर हा मधला मार्ग आहे: ते पॉलिएस्टरपेक्षा चांगले चिकटते आणि जेलकोटशीही जुळते, पण डब्यात फार काळ टिकत नाही.

म्हणून तडे थरांत उतरले असतील आणि गाभाही बदलायचा असेल, तर माझा कौल तडे व गाभा या दोन्हींसाठी एपॉक्सीला आणि वरून रंगाला आहे. पॉलिएस्टर घ्यावे ते तडे वरवरचे असतील तेव्हा, किंवा आतून-बाहेरून भरपूर जागा असून लांब उतार निघत असेल आणि जेलकोट जुळवणे अपरिहार्य असेल तेव्हा. निवड कोणतीही असो, इंजिनाच्या बोल्टची छिद्रे एपॉक्सीनेच बंद करावीत: बोल्टपेक्षा मोठे छिद्र पाडून ते घट्ट एपॉक्सीने भरावे आणि पिकल्यावर मधोमध बोल्टच्या मापाचे छिद्र पाडावे, म्हणजे बोल्टभोवतीचे पाणी प्लायवूडपर्यंत पोहोचत नाही.