फोटो काढा, उत्तर मिळवा: गणितात झकास, इतिहासात पाल्हाळ

प्रश्नाचा फोटो काढायचा, त्याभोवती चौकट ओढायची, की काही सेकंदांत उत्तर हजर. शाळेचे सगळे विषय सोडवून देणाऱ्या या ॲपांना सरसकट एकच रेटिंग देता येत नाही, विषयागणिक त्यांचा दर्जा फार बदलतो.

गणितात पायऱ्या छान मांडतात. गोची होते ती फोटो वाचताना. क्ष² − ५क्ष + ६ = ० ची उत्तरं २ आणि ३. छपाई पुसट किंवा वही तिरपी असली की मधलं उणे चिन्ह अधिक वाचलं जातं आणि −२, −३ हाती येतात, तेही अवयव पाडून, अगदी नीटनेटके! वर्गाचा छोटा २ खाली घसरतो, हाही नेहमीचाच प्रकार. म्हणून स्क्रीनवर उमटलेलं समीकरण आधी पुस्तकाशी ताडून बघा. मग उत्तर मूळ समीकरणात घाला: २ घातले तर ४ − १० + ६ = ०, आणि −२ घातले तर येतात २०. अर्ध्या मिनिटाचं काम.

भौतिकशास्त्रात घोळ एककांचा. ताशी ७२ किमी वेगाची गाडी एकसमान ब्रेक लागून ५ सेकंदांत थांबली, तर अंतर किती? ७२ × ५ ÷ २ करून १८० मीटर आले, की समजायचं, वेग सेकंदाला २० मीटर असा बदललेलाच नाही. बरोबर उत्तर ५० मीटर. रूपांतराची ओळ दिसली नाही तर पुढचं वाचूच नका.

रसायनशास्त्रात समीकरणं बरी जमतात, आणि पडताळाही सोपा. प्रोपेन जळताना त्याच्या १ रेणूला ऑक्सिजनचे ५ लागतात, तयार होतात कार्बन डायऑक्साइडचे ३ आणि पाण्याचे ४. ऑक्सिजनचे अणू दोन्हीकडे १०. जीवशास्त्रात व्याख्या ठीक, नावं दिलेल्या आकृतीसाठी मात्र पाठ्यपुस्तकच उघडा.

इतिहासात खरी निराशा. ‘फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे लिहा’ म्हटलं की १४ जुलै १७८९ ला पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग कसा पडला, इथपासून सुरुवात. ती घटना झाली, कारण नव्हे. रिकामी तिजोरी, तिसऱ्या वर्गावरचा (म्हणजे सामान्य जनतेवरचा) करांचा बोजा, १७८८ चं बुडालेलं पीक आणि महागलेला पाव हे मुद्दे चौथ्या परिच्छेदात सापडतात. प्रश्नासोबत गुण आणि ‘फक्त कारणे, मुद्द्यांत’ असं टाइप केलं तर उत्तर बरंच आटोक्यात येतं.

मराठी व्याकरणात ‘नीलकमल’ कर्मधारय म्हणून बरोबर येतो, पण त्याच नादात ‘नीलकंठ’लाही कर्मधारय ठरवलं जातं. नुसतं समासाचं नाव विचारू नका, विग्रह मागा. ‘निळा आहे कंठ ज्याचा असा तो, शंकर’ असा विग्रह आला, की बहुव्रीही आपोआप दिसतो.